मायनस पावणेदोन

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची ठरवली आहे. माणसाने मोठं काम हाती घेतलं की लिहून ठेवावं, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर आठवत बसायला नको. ही म्हणाली, "कोण विचारणार आहे?" नवऱ्याचं मोठेपण बायकोला सगळ्यात शेवटी कळतं. सगळीकडे असंच असावं.

काम असं आहे. आमचा कारखाना चष्म्याच्या काचा घासतो. शहरात आमची पाच-सहा दुकानं आहेत. तिथून गिऱ्हाइकांचे नंबर संगणकावर येतात आणि त्याप्रमाणे काच तयार होते. ज्याला लांबचं दिसत नाही त्याचा नंबर मायनस, उतारवयात बहुतेकांचा प्लस. आकडा बरोबर आणि चिन्ह चूक, असं झालं की काच नेमकी उलटी बनते आणि ज्याला धूसर दिसत होतं त्याला तेवढंही दिसेनासं होतं. दुकानातले लोक घाईत मायनसचं बटण दाबायला विसरतात. गेल्या महिन्यात इतक्या काचा फुकट गेल्या की मॅडमनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, मला बोलावून सांगितलं की हे आता संगणकानेच पकडलं पाहिजे. कारखान्यात प्रोग्रॅम लिहिणारा मी एकटाच आहे, त्यामुळे मलाच सांगणं भाग होतं हे खरं. तरी त्यांनी विचार करून निवड केली असावी असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला भाग झाला. आलेल्या आकड्याचं चिन्ह ओळखायचं आणि ऑर्डर योग्य मशीनकडे पाठवायची. दोन ओळींचं काम. आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तर प्लस, नाहीतर मायनस. मी ते चहा निवायच्या आत लिहिलं.

भिंगमास्तर, म्हणजे घासकामाचे प्रमुख, पाठीमागे येऊन उभे राहिले आणि "झालं एवढ्यात?" म्हणाले. काही लोकांना सोपं काम अवघड करून दाखवल्याशिवाय ते काम वाटतच नाही. मी फक्त हसलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शून्य विसरलो.

लिहायला अवघड जातंय, पण दैनंदिनीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. एका वकिलाने भारदस्त दिसण्यासाठी बिननंबरी चष्मा मागवला होता. त्याचा नंबर शून्य. शून्य काही शून्यापेक्षा मोठं नाही, म्हणून माझ्या दोन ओळींनी त्याला मायनसच्या रांगेत उभं केलं. वर कहर म्हणजे पावतीवर छापून आलं, "उणे शून्य". डोळे तपासायच्या यंत्राने अगदी बारीकसा उणे आकडा दिला होता. प्रोग्रॅमने तो जवळच्या पाव नंबरावर आणताना शून्य केला, पण उणेचं चिन्ह तसंच ठेवलं. संगणकात असं उणे शून्य खरोखर असतं. वकिलाला मात्र ते पटेना. तो काउंटरवर अर्धा तास भांडत होता की मी काहीच नसेन एक वेळ, पण काहीच नसण्यापेक्षा कमी कसा असेन?

मॅडमनी ही हकीकत सगळ्यांसमोर वाचून दाखवली. संध्याकाळपर्यंत तिसरी ओळ घातली. आता प्लस, मायनस आणि शून्य असे तीन निकाल. उणे शून्याचीही हजामत केली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

घरी आज मोठी गंमत झाली. माझे वडील, अण्णा, सकाळी चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचत होते. मी चष्मा शोधून आणून दिला तर म्हणाले, "ठेव तिकडे. मला आता लागत नाही." आणि औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं खडाखडा वाचून दाखवली.

अण्णांचं वय सत्तरीला टेकलंय. त्यांचा ड्रायव्हिंगचा क्लास आहे. जुनी छोटी गाडी, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक, टपावर पाटी. या भागातले निम्मे लोक त्यांच्या हाताखाली शिकलेले आहेत. रस्त्याने जाताना अण्णा प्रत्येकाला ओळखून "क्लच!" असं ओरडतात आणि तो माणूस कितीही मोठा झालेला असला तरी दचकतो.

मला थोडा मत्सर वाटला. मी चाळिशीत चष्मा लावून बसलोय आणि हे सत्तरीत काढून बसलेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांना हल्ली गर्व झालाय. समोरच्या डॉक्टरीणबाई रस्त्यापलीकडून हात हलवत होत्या आणि हे मख्खासारखे पुढे बघत उभे. मी नंतर बोललो तर म्हणाले, "कोण? हां, असेल." टीव्हीच्या तर आता इतक्या जवळ बसतात की बातम्या देणाराच अवघडत असेल. आणि क्लासही सकाळचाच ठेवलाय, संध्याकाळचा बंद. म्हातारपणी माणूस आळशी होतो.

जेवताना मी स्पष्टच सांगितलं की वय झालं, डोळ्यांत थोडाही फरक पडला तर गाडीची किल्ली मी काढून घेणार, मग रुसायचं नाही. अण्णा म्हणाले, "डोळ्यांना काय धाड भरलीय? बाटली वाचून दाखवली ना तुला?" हातच्या कांकणाला आरसा कशाला.

परवा ही त्यांना घेऊन दुपारभर कुठेतरी गेली होती. विचारलं तर म्हणाली, बूट घ्यायला. बूट काही दिसले नाहीत. मापाचे मिळाले नसतील.

झोपायच्या आधी हिने एकदम विचारलं, "काय हो, एखाद्याचा प्लस नंबर मायनस होऊ शकतो का?" माझ्या कामात ही सहसा रस घेत नाही, त्यामुळे मला बरं वाटलं आणि मी सविस्तर समजावून सांगितलं. आकडा वाढतो, कमी होतो, पण माणसाची जात बदलत नाही. स्वभावाला औषध नाही तसं नंबराच्या चिन्हालाही नाही. प्लसवाल्याचा मायनस आला तर दुकानातल्या माणसाने चुकीचं बटण दाबलं असं खुशाल समजावं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. प्रभावित झाली असावी.

आणि बोलता बोलता मला जी कल्पना सुचली ती अशी की

(उद्या करून बघतो, मग लिहितो. आधी बोललं की काम फिसकटतं.)

२४ फेब्रुवारी, सोमवार

झालं. आणि असं झालं की मीच माझ्या पाठीवर हात फिरवून घेतला.

आत्तापर्यंतचा प्रोग्रॅम नुसतं चिन्ह ओळखत होता. आता तो चिन्ह पारखतो. आपल्याकडे गिऱ्हाइकाचा जुना चष्मा झालेला असेल तर जुन्या नंबराचं चिन्ह बघायचं. नव्याचं चिन्ह वेगळं आलं तर ती टाईप करणाऱ्याची चूक, म्हणून जुनंच चिन्ह उचलून नव्या आकड्याला लावायचं. कोणाला विचारायला नको, फोन नको, वेळ नको. गेल्या महिन्यातल्या ऑर्डरींवर चालवून पाहिला तर फुकट गेलेल्या बहुतेक सगळ्या काचा पकडल्या. मॅडमनी एवढंच विचारलं की एखाद्याचा नंबर खरंच बदलला असला तर? मी म्हटलं, असं होत नाही. पुढच्या मीटिंगची वेळ झाली होती, त्यामुळे त्या बरं म्हणाल्या.

घरी येऊन जेवताना जाहीर केलं की आता आमच्या कारखान्यातून चुकीची काच बाहेर पडणं शक्य नाही. अण्णांनी घास हातात धरून विचारलं, "शक्यच नाही?" मी म्हटलं, शक्यच नाही. त्यांना इतका आनंद झाला की हात धुवायच्या आधीच शेजारी सांगून आले. लहानपणी माझ्या पहिल्या नंबराचे पेढेसुद्धा त्यांनी एवढ्या घाईने वाटले नव्हते. अर्थात तेव्हा पहिला नंबर एकदाच आला होता.

४ मार्च, मंगळवार

नदीपलीकडच्या दुकानातून एक चष्मा परत आला. गिऱ्हाइकाला काही म्हणजे काही दिसत नाही अशी तक्रार. मी ऑर्डर काढून पाहिली. प्लस पावणेदोन, जुना नंबरही प्लस. काच तपासली, तीही प्लस पावणेदोन. सगळं जिथल्या तिथे. नाव मी बघत नाही, नाव बघितलं की पक्षपात होतो. तरी मनाचा मोठेपणा म्हणून दुसरी काच बनवून पाठवायला सांगितली.

अण्णांचे काही शिष्य शिकवणी अर्धवट सोडून दुसरीकडे गेले असं ही म्हणत होती. कोणीतरी म्हणे सांगितलं की हल्ली अण्णा वळणावर उगाच ब्रेक दाबतात. आजकाल लोकांना शिस्त नकोच असते.

११ मार्च, मंगळवार

तोच चक्रम पुन्हा! दुसरा चष्माही परत. प्रोग्रॅमने पुन्हा तीच काच काढली होती, म्हणजे दोनदा तपासून दोनदा बरोबर. काउंटरवालीचा फोन आला, बिचारी फार अजिजीने बोलत होती. म्हातारे गृहस्थ आहेत, स्वभावाने चांगले आहेत, भांडत वगैरे नाहीत, नुसते गप्प बसून राहिलेत, काय सांगू त्यांना?

मी म्हटलं, "त्यांना सांगा, काच बरोबर आहे. सवय लावून घ्या."

पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार? काही लोकांना आपल्या डोळ्यांचा दोष मान्य करायचा नसतो, मग चष्म्याला बोल लावतात.

संध्याकाळी हिने विचारलं, मशीन चुकू शकतं का. मी म्हटलं, माणसं चुकतात, मशीन नाही. तिने तोंड उघडलं, अण्णांकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं. या दोघांचं काहीतरी शिजतंय. माझा वाढदिवस जवळ आलाय, त्याचं असेल.

१६ मार्च, रविवार

अण्णांनी आज आपणहून गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

मी पेपर वाचत बसलो होतो. ते आले, किल्ली पुढे केली आणि म्हणाले, "तू म्हणत होतास ना. घे." टपावरची पाटीही त्यांनी स्वतःच काढली होती. शिकायला येणाऱ्यांना कालच फोन करून नाही म्हणून कळवलं. मी म्हटलं, शहाणपणाचा निर्णय घेतलात. ते म्हणाले, हो.

शेवटी माझं म्हणणं त्यांना पटलं याचं समाधान वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण दुपारी ते खिडकीत नुसते बसून होते. रस्त्याने त्यांच्या हाताखाली शिकलेला दूधवाला गेला आणि अण्णा "क्लच" म्हणाले नाहीत. दूधवालाच वळून वळून बघत होता.

ही सबंध दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भाजीत मीठ नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

आज अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

सकाळी हिने माझ्यापुढे एक चष्मा आणि एक कागद ठेवला. म्हणाली की अण्णांनी तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती, पण आता शपथ गेली खड्ड्यात. कागद डोळ्यांच्या डॉक्टरांचा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागलाय, अजून कोवळा आहे, ऑपरेशनची घाई नाही. मोतीबिंदू धरताना कधी कधी नंबर मायनसकडे सरकतो, त्यामुळे जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं आणि लांबचं जातं. म्हातारी माणसं डोळे सुधारले म्हणून खूश होतात. खाली नंबर लिहिला होता, मायनस पावणेदोन.

डॉक्टरांकडे नुसत्या काचा लावून पाहिल्या तेव्हा अण्णांना रस्त्यापलीकडच्या पाट्यासुद्धा वाचता आल्या होत्या. चष्मा कुठूनही करता आला असता. पण अण्णा म्हणाले, करायचा तर मुलाच्याच कारखान्यातला. मला कळू नये म्हणून नदीपलीकडच्या दुकानात गेले. किल्ली जाईल या भीतीने.

मी चष्मा उचलून खिडकीशी गेलो. आमच्याकडे काच हातात धरून ओळखायची एक साधी रीत आहे. काच डोळ्यासमोर लांब धरून बाजूला हलवायची. मायनस असेल तर पलीकडचं दृश्य काचेबरोबर सरकतं, प्लस असेल तर उलट दिशेला. मी समोरचा विजेचा खांब धरला आणि काच उजवीकडे नेली. खांब डावीकडे गेला. पुन्हा नेली, पुन्हा डावीकडे. दुसरी काच, तेच. मी किती वेळ तो खांब हलवत होतो कोण जाणे. शेवटी हिने चष्मा माझ्या हातातून काढून घेतला.

जुना नंबर प्लस, नवा मायनस, म्हणजे टाईप करणाऱ्याची चूक. माझ्याच ओळींनी माझ्या बापाची काच उलटी केली. एकदा नाही, दोनदा. आणि वर मी निरोप धाडला की सवय लावून घ्या. तो चक्रम माझ्या घरात बसून माझ्याशेजारी जेवत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवाच मी लावला होता.

ही म्हणाली, तिने अण्णांना पुन्हा डॉक्टरांकडे चला म्हणून किती विनवलं. ते म्हणाले, कशाला? कारखान्यातून दोनदा तपासून आलाय. डोळे गेले, एवढंच ते सांगतील.

अण्णा मागच्या अंगणात गाडीवर कापड घालत होते. मी जाऊन सांगितलं, "अण्णा, काच चुकीची होती. तुमचा नंबर मायनस होता, आम्ही प्लस बनवला. चूक माझी आहे."

त्यांनी कापडाचं टोक हातातच धरलं. "दोन्ही वेळेला?"

"दोन्ही वेळेला."

"म्हणजे डोळे आहेत?"

"आहेत. मोतीबिंदू आहे, डॉक्टरांनी सांगितलाय तेवढाच."

ते गाडीला टेकून उभे राहिले. मला राग आला, कोणाचा ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतं. समोर बसत होतो रोज.

"तू म्हणालास, चूक बाहेर पडणं शक्य नाही," अण्णा म्हणाले. "मग मी म्हटलं, डोळेच खोटं बोलत असतील."

मला रडू आलं. मी तोंड फिरवलं, पण मी जवळ होतो म्हणून त्यांना नीट दिसलं असणार.

१८ मार्च, मंगळवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. म्हणाल्या, मी विचारलं होतं तुम्हाला. हो, म्हटलं, विचारलं होतं.

ती पारख काढून टाकली. आता चिन्ह जुन्याहून वेगळं आलं की प्रोग्रॅम काहीही न बदलता थांबतो आणि माणसाने फोन करून खात्री केल्याशिवाय पुढे जात नाही. भिंगमास्तरांनी अण्णांची काच सगळी कामं बाजूला ठेवून घासायला घेतली.

मग दुसरं काम. २४ फेब्रुवारीपासून माझ्या प्रोग्रॅमने आणखी कोणाकोणाची चिन्हं उलटवली ते शोधलं. बऱ्याच ठिकाणी टाईप करणाराच चुकला होता आणि प्रोग्रॅमने सुधारलं होतं, ते ठीक. पण डॉक्टरांच्या कागदांशी ताडून पाहिल्यावर काही नावं उरली. सगळी म्हातारी माणसं. या वेळी मी नावं वाचली. त्यातल्या फारच थोड्यांनी तक्रार केली होती. बाकीच्यांनी अण्णांसारखंच केलं असणार.

त्यांना फोन करायचे आहेत. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच करा.

१९ मार्च, बुधवार

अण्णांचा चष्मा आला. मी तो आधी खिडकीशी नेऊन हलवून पाहिला, मग दिला. त्यांनी लावला आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. रस्ता खालपासून वरपर्यंत पाहिला. समोरच्या डॉक्टरीणबाई गच्चीत दिसल्या त्यांना हात केला. मग माझ्याकडे वळले, मी फाटकापाशी होतो.

"तुझे केस पिकलेत रे," म्हणाले. "मला कोणी सांगितलं नाही."

डॉक्टरांनी दिवसा गाडी चालवायला परवानगी दिली आहे, संध्याकाळी नाही. मी किल्ली परत द्यायला गेलो तर म्हणाले, टेबलावर ठेव, बघू. ताणून धरायचा हक्क आहे त्यांना.

रात्री जेवताना मी सांगितलं की उद्या सुट्टी घेऊन घरूनच लोकांना फोन करणार आहे आणि मला त्याची धास्ती वाटते. शिव्या खाव्या लागतील. अण्णा म्हणाले, "खाशील. पोटभर खा."

२० मार्च, गुरुवार

सकाळी नावं आणि फोन घेऊन बसलो. पहिला फोन लावला, एका निवृत्त मास्तरांना. मी "तांत्रिक कारणामुळे" अशी सुरुवात केली, तेवढ्यात अण्णांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"नमस्कार," ते म्हणाले. "तुम्हाला नव्या चष्म्यातून दिसत नाही ना? तुमचे डोळे शाबूत आहेत. माझ्या मुलाची चूक झालीय."

माझ्या मुलाची चूक झालीय, हे त्यांनी जवळपास अभिमानाने सांगितलं. मग प्रत्येक फोन त्यांनीच केला. मी नुसता नंबर लावून देत होतो आणि पत्ते लिहून घेत होतो. एका आजोबांनी मला यथास्थित शिव्या दिल्या, अण्णा मध्ये मध्ये "बरोबर आहे" म्हणत होते. एकांचा आधी विश्वासच बसेना, कारण आमच्या दुकानातून त्यांनाही सवय लावून घ्या म्हणून सांगितलं होतं. त्यावर अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

दुपारकडे एका बाईंना फोन लागला. एकट्याच राहतात. त्यांनी शिवणकाम सोडून दिलं होतं, मशीनसुद्धा कोणालातरी देऊन टाकायला निघाल्या होत्या. अण्णांनी त्यांना सांगितलं, तुमचे डोळे शाबूत आहेत. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कटला, म्हणून मी हात पुढे केला. मग मला रडणं ऐकू आलं.

अण्णांनी फोन दिला नाही. दुसऱ्या कानाकडे घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"रडा तुम्ही सावकाश," ते म्हणाले. "मी आहे फोनवर. मीही रडलो होतो."

हे मला माहीत नव्हतं.